संगणकाचा ताप आणि व्यापाऱ्याचा मनस्ताप

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक उभे आहे, थानातून कापड फाडून झाले आहे, बिल तेवढे करायचे राहिले आहे, आणि नेमका त्याच वेळी संगणकाचा पडदा काळा होतो. बटण दाबले की पाच मिनिटे चालतो, पुन्हा बंद. मार्च ते जून आणि मग पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात हा अनुभव आमच्या व्यापारी बांधवांना हमखास येतो. कोणी म्हणतो व्हायरस शिरला, कोणी म्हणतो विंडोज उडाली, कोणी वीज कंपनीला दोष देतो. या तिन्ही गोष्टी होत नाहीत असे नाही. परंतु विलेपार्ल्याच्या बाजारपेठेत इतकी वर्षे दुकान चालवून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तक्रारी ऐकून आमचे असे मत झाले आहे की, कापडवाला, शिंपी आणि भरतकामवाला यांच्या संगणकाचा पहिला शत्रू व्हायरस नसून तूस आहे. आणि दुसरा शत्रू म्हणजे प्रोसेसरवरचा वाळून खडू झालेला लेप. या लेपालाच थर्मल पेस्ट म्हणतात.

आमच्या ओळखीच्या एका तयार कपड्यांच्या दुकानदाराला दुरुस्तीवाल्याने सांगितले की, मदरबोर्ड गेला, प्रोसेसरही गेल्यातच जमा आहे, नवे सामान घ्या, अठरा-वीस हजार लागतील. बिचारा पैसे द्यायला तयारही झाला होता. दुसऱ्या एका कारागिराने डबा उघडला तेव्हा पंख्याखाली जाजमासारखा तुसाचा थर निघाला. तो काढला, जुनी पेस्ट पुसून नवी लावली, पंखा बदलला. सारा खर्च हजाराच्या आत. तो संगणक आजही बिले करतो आहे. पहिल्या दुरुस्तीवाल्याची नियत वाईट होती की त्याला समजले नाही, हे आम्ही ठरवू शकत नाही. परंतु गिऱ्हाईकच अडाणी असेल तर दोन्हीचा परिणाम एकच होतो.

बंद संगणकाची किंमत

पूर्वी संगणक बंद पडला तर बिलबुक काढून काम भागत असे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि ती सवड कमी झाली. ज्याची वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्याला १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यापाऱ्याला माल विकताना ई-इन्व्हॉइस काढावेच लागते. माल बाहेर पाठवायचा तर ई-वे बिल. दरमहा विवरण भरणाऱ्याला ११ तारखेला विक्रीचा तक्ता आणि २० तारखेला कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरच्या ५ टक्के कराची मर्यादा एक हजारावरून अडीच हजार रुपयांवर गेली, तेव्हा कितीतरी दुकानदारांनी रात्र रात्र बसून संगणकातले दर बदलले. हिशेबाची वह्या-कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या तारखेपासून ७२ महिने जपण्याचेही बंधन आहे. आता या साऱ्याचा भार ज्या एका डब्यावर आहे, तो डबा आपण गल्ल्याखाली गोणपाटात कोंबून ठेवतो.

आणि उधारीचे काय? कोणाकडून किती येणे, कोणाचे किती देणे, कोणाची ठेव आपल्याकडे आहे, हे सर्व आता टॅलीत किंवा तसल्याच एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये असते. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, हा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे आणि ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. लिहिणे जितके जरुरीचे, तितकेच लिहिलेले टिकवणेही. नोंद चालू असताना संगणक तापून एकाएकी बंद पडला तर त्या वेळी उघडी असलेली फाईल बिघडू शकते. रमजानात जकातीचा हिशेब करायला बसावे आणि मालाचा साठाच उघडू नये, ही वेळ कोणावर न येवो. म्हणून रोजचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यावा आणि तो पेनड्राइव्ह घरी न्यावा. हा विषय आजचा नाही, पण त्याशिवाय पुढचे सारे व्यर्थ आहे.

डब्यात काय चालते

आपल्याकडे संपूर्ण डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. वास्तविक सीपीयू किंवा प्रोसेसर म्हणजे आतला तो चपटा चौकोनी तुकडा, जो सगळी आकडेमोड करतो. दुकानात जे साधे संगणक असतात त्यांतला प्रोसेसर साधारण ६० ते ६५ वॅटच्या वर्गातला असतो. जुन्या पिवळ्या बल्बच्या काळात साठ वॅटच्या पेटत्या दिव्याला कोणी हात लावत नसे. तेवढीच उष्णता इथे टपाल तिकिटाहून लहान जागेतून निघू शकते. नुसते बिल टंकताना ती बरीच कमी असते. परंतु एकाच वेळी बॅकअप, छपाई, अँटिव्हायरस आणि विंडोजची अपडेट सुरू झाली की वाढते.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा देशात घडवलेला संगणक कामाला लागला, त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. रेडिओचे पाच-सहा व्हॉल्व्ह किती तापत, हे आमच्या वयाच्या लोकांना आठवत असेल. नव्वदच्या दशकात पेढ्यांवर संगणक आले तेव्हा त्यांच्यासाठी काचेची वातानुकूलित खोली असायची आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. गंमत अशी की त्या वेळचे ४८६ प्रोसेसर आजच्या मानाने गारच होते. कित्येकांवर पंखासुद्धा नसे. १९९३ च्या पेंटियमपासून पंखा रूढ होत गेला, आणि २००४ च्या सुमाराचे काही पेंटियम फोर शंभर वॅटच्याही पुढे गेले. म्हणजे उष्णता वाढत गेली आणि आमचा अदब मात्र कमी होत गेला. काचेच्या खोलीतून संगणक थेट गल्ल्याखाली, चहाच्या किटलीशेजारी आला.

प्रोसेसरच्या डोक्यावर धातूचे झाकण असते. त्यावर ॲल्युमिनियमचा, कधी तांब्याचा, पापुद्र्या-पापुद्र्यांचा ठोकळा बसवलेला असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. त्याच्यावर पंखा. उष्णता झाकणातून ठोकळ्यात जाते, ठोकळ्याच्या पापुद्र्यांत पसरते आणि पंख्याचा वारा ती उडवून नेतो. या वाटेत कोठेही अडथळा आला की प्रोसेसर तापलाच.

पेस्टचे काम ज्याला समजले त्याला बाकीचे आपोआप समजते. आपण कापडवाले पिक ग्लास लावून ताणा-बाणा मोजतो. डोळ्यांना अगदी घट्ट दिसणारे पॉपलिन भिंगाखाली पाहावे तर जाळी दिसते. धातूचेही तसेच. प्रोसेसरचे झाकण आणि हीटसिंकचा तळ, दोन्ही हाताला गुळगुळीत लागतात. पण एकमेकांवर ठेवले की मध्ये असंख्य बारीक फटी राहतात आणि त्या फटींत हवा असते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. रजई ऊब देते ती कापसाने कमी आणि त्यात अडकलेल्या हवेने जास्त, हे कोणत्याही पिंजाऱ्याला ठाऊक आहे. आकड्यांतच सांगायचे तर उष्णता वाहून नेण्याच्या मापात तांबे सुमारे ४००, ॲल्युमिनियम दोनशेच्या वर, आणि हवा ०.०२६ च्या आसपास. पेस्ट या दोहोंच्या मध्ये येते, साधारण १ ते १० च्या दरम्यान. म्हणजे हवेपेक्षा शेकडो पटींनी चांगली, परंतु धातूपेक्षा पुष्कळच वाईट.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पेस्टशिवाय हीटसिंक बसवणे हा नुकसानीचा सौदा आहे. दोन, पेस्ट थापून लावणेही तितकेच चुकीचे. फटी भरतील एवढीच ती हवी. पोळीला तूप लावल्यासारखी जाड चोपडली की तीच मध्ये रजई होऊन बसते. आम्ही असे कारागीर पाहिले आहेत की जे अर्धी ट्यूब पिळतात आणि वर अभिमानाने सांगतात, ‘शेठ, माल भरपूर टाकला आहे!’

तापल्यावर काय होते

२००१ साली टॉम्स हार्डवेअर या संगणकविषयक प्रकाशनाने एक प्रयोग चित्रित केला होता. चालू संगणकावरून हीटसिंक काढून घेतला. पेंटियम फोरने स्वतःची गती कमी केली आणि तो कसाबसा चालत राहिला. त्या वेळच्या अॅथलॉन प्रोसेसरातून मात्र पाहता पाहता धूर निघाला. आता तशी भीती उरलेली नाही. आजचे सर्व प्रोसेसर आपले तापमान स्वतः मोजतात. इंटेलच्या बहुतेकांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास आहे, एएमडीच्या रायझनपैकी बऱ्याच जणांची ९० ते ९५. मर्यादा आली की प्रोसेसर आधी चाल मंद करतो. तरीही तापमान चढत राहिले तर तो वीजच तोडतो.

म्हणून आधी मंदपणाकडे लक्ष द्यावे. सकाळी झटपट उघडणारे बिल दुपारी चारला रखडू लागले, पंखा विमानासारखा आवाज करू लागला, किंवा संगणक बंद पडून पंधरा-वीस मिनिटांच्या विश्रांतीनंतर पुन्हा नीट चालू झाला, तर उष्णतेवर संशय घ्यावा. चालू करताना ‘सीपीयू फॅन एरर’ असे दिसले तर मग संशय कसला, पंखाच बंद आहे. उलट, थंड असतानाही, चालू करताक्षणी बंद होत असेल तर दोष पॉवर सप्लायमध्ये, रॅममध्ये किंवा बटणातही असू शकतो. तिथे पेस्ट बदलून काही निष्पन्न होणार नाही.

अंदाजावर जाऊ नये. संगणक चालू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये गेले की तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. विंडोज चालू असताना पाहायचे तर एचडब्ल्यूमॉनिटर, कोअर टेम्प यांसारखी फुकट मिळणारी साधने आहेत. मुंबईच्या हवेत, खोली ३२-३३ अंश असताना, रिकामा बसलेला प्रोसेसर ४० ते ५५ आणि कामात असताना ७० ते ८० दाखवत असेल तर शांत झोपावे. साध्या बिलाच्या कामात ९० दिसले तर डबा उघडण्याची वेळ झाली. हेही लक्षात असावे की पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. खोली पाच अंशांनी तापली तर प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच वर चढतो. आमच्या शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेने १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश नोंदवले होते. ते दिवस रोज येत नाहीत, पण पत्र्याच्या पोटमाळ्याखाली, पश्चिमेच्या उन्हात असलेल्या गाळ्यात चाळिशी गाठायला वेळ लागत नाही.

तूस, लोबान आणि गादी

इंग्रजी पुस्तकांत धूळ, धूळ असे लिहिलेले असते. आमच्या धंद्यातली धूळ वेगळी. कापड फाडताना, कापताना, झटकताना आखूड तंतू उडतात. सुती, फ्लॅनेल, टॉवेलचे कापड, मखमल यांचे सर्वांत जास्त. फिलामेंट पॉलिएस्टरचे फार कमी. हे तंतू वाऱ्याबरोबर ओढले जाऊन हीटसिंकच्या पापुद्र्यांत अडकतात, त्यावर आणखी अडकतात आणि सहा महिन्यांत तिथे नमदा तयार होतो. वरून पंखा फिरताना दिसतो, म्हणून मालकाला वाटते सर्व ठीक आहे. वारा मात्र पापुद्र्यांत शिरतच नाही. त्यातच कित्येक दुकानांत सकाळी लोबान किंवा अगरबत्ती लावतात. सुगंध बरकतीचा असेल, पण धुराचा चिकटपणा तुसावर बसला की तो फुंकरीने निघत नाही, खरवडावा लागतो. धुपाटणे संगणकापासून चार हात दूर ठेवले तर सुगंध कमी होणार नाही.

पार्ल्याची हवा दमट, समुद्र जवळ. पावसाळ्यात हेच तूस ओल धरते आणि पंख्याच्या बेअरिंगला, धातूच्या कडांना गंज चढतो. डबा जमिनीवर ठेवला तर झाडूची सगळी धूळ त्यात जाते, शिवाय पाण्याचे भय. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी जमिनीवर ठेवलेल्या वस्तूंचे काय झाले हे या भागातल्या व्यापाऱ्यांना नव्याने सांगायला नको. तेव्हा डबा जमिनीपासून हात-दीड हात उंच फळीवर असावा, मागे वीतभर आणि बाजूंना चार बोटे मोकळी जागा असावी. गल्ल्याला दार असेल तर ते जाळीचे करून घ्यावे. आणि आमच्या काही बांधवांना भरतकाम केलेले सुंदर कव्हर घालून संगणक चालवायची हौस असते, ती रात्री दुकान वाढवल्यावर पुरवावी.

पेढीवरच्या गादीचे आणखी एक दुखणे. पांढरी शुभ्र गादी, तक्क्या, आणि त्या गादीवर थेट ठेवलेला लॅपटॉप. बहुतेक लॅपटॉप हवा तळाच्या फटींतून ओढतात. गादीत तळ रुतला की त्याचे नाकच बंद होते. वर गादीचा कापूस तो आत ओढून घेतो तो वेगळाच. लाकडी पाट खाली ठेवला तरी फरक दिसतो. हा उपाय फुकटचा आहे म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

पेस्ट कोणती घ्यावी

बाजारात पांढरी, करडी, चंदेरी अशा अनेक पेस्टी आहेत. पांढरी बहुधा सिलिकोन आणि झिंक ऑक्साइडची, स्वस्त; चालते, परंतु काहींमधले तेल सुटते आणि मागे खडूसारखी भुकटी उरते. करड्या रंगाच्या, धातूंच्या ऑक्साइडच्या किंवा कार्बनच्या, जास्त टिकतात. डब्यावर उष्णतावहनाचा मोठा आकडा छापलेला असतो, पण तो वाचून आमच्यासारख्या व्यापाऱ्याने हुरळून जाऊ नये. थानावरची चिठ्ठी आणि आतले कापड यात कधी कधी किती अंतर असते, ते आपल्याइतके कोणाला माहीत? दुकानातल्या साध्या संगणकावर बऱ्या पेस्टीत आणि महागड्या पेस्टीत फरक पडलाच तर थोड्या अंशांचा पडतो. हीटसिंक स्वच्छ असणे आणि चारही बाजूंनी सारखा दाबून बसणे, याचा फरक त्याहून मोठा. म्हणून माहितीतल्या कंपनीची, पक्क्या बिलाची, दोन-चार ग्रॅमची ट्यूब घ्यावी. काही शे रुपयांचा मामला आहे आणि एका ट्यूबेत चार-पाच संगणक होतात, शेजाऱ्याबरोबर वाटून घेता येते. दातांची पेस्ट, व्हॅसलीन, चुना असले देशी प्रयोग करू नयेत. ते दोन दिवसांत वाळतात किंवा वितळून ओघळतात.

लिक्विड मेटल नावाचा एक प्रकार हौशी मुले वापरतात. त्यात गॅलियम असते आणि गॅलियम ॲल्युमिनियमला खाते. आपले बहुतेक हीटसिंक ॲल्युमिनियमचेच. शिवाय त्यातून वीज वाहते. थेंब बोर्डावर सांडला तर बोर्ड गेला. दुकानात त्याचे काम नाही. पाण्याने गार करण्याच्या पद्धतीचेही तसेच. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक पाण्याच्या साहाय्याने गार ठेवला जातो, ते तिथे शोभते. बिलाच्या संगणकाला चांगला पंखा पुरे.

प्रत्यक्ष काम

ज्याला शिलाई मशीन खोलून तेलपाणी करता येते, त्याला हे काम यायला हरकत नाही. घाई मात्र नको. हमीची मुदत चालू असेल तर आधी हमीचा कागद वाचावा.

संगणक दहा मिनिटे चालवून किंचित गरम होऊ द्यावा, म्हणजे वाळलेली पेस्ट सैल पडते. मग बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि चालू करायचे बटण एकदा दाबून धरावे, आत राहिलेली वीज निघून जाते. डब्याच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी; नायलॉनच्या कपड्यांत हे काम करू नये. पंख्याची पिन काढून हीटसिंक सोडवावा. सरळ वर खेचू नये, डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवावा. एएमडीच्या एएम-४ बैठकीच्या रायझन प्रोसेसरांच्या पायाला पिना आहेत. पेस्ट वाळली असेल तर हीटसिंकबरोबर प्रोसेसरच उपसून येतो आणि पिना वाकतात. इंटेलचा प्रोसेसर पत्र्याच्या चौकटीत अडकवलेला असतो, तिथे हे भय नाही.

तूस काढायला शिलाई मशीनचा मऊ ब्रश उत्तम. कारखान्यात हवेचा कॉम्प्रेसर असतो, तो वापरायचा तर आधी नळीतले पाणी बाहेर सोडावे, दाब कमी ठेवावा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग जाते. पॉवर सप्लायच्या डब्यावर बाहेरूनच हवा मारावी. तो कधीही खोलू नये, वायर काढल्यावरही त्यात झटका देण्याइतकी वीज साठून राहते.

जुनी पेस्ट पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. नावात अल्कोहोल पाहून एका कारागिराने आम्हाला विचारले होते की हे आपल्याला चालते का. फतवा देणे आमचे काम नाही, ज्याला शंका आहे त्याने आपल्या आलिमांना विचारावे. माहिती म्हणून एवढेच सांगतो की, दारूत असते ते इथिल अल्कोहोल; हे निराळे रसायन आहे, पिण्याचे नाही, पोटात गेले तर विष आहे. ते लवकर पेट घेते, तेव्हा विडीकाडी दूर ठेवावी. पुसायला कोणते कापड? इथे आमच्या धंद्याचा तजुर्बा कामी येतो. जुन्या बनियनचा किंवा फ्लॅनेलचा तुकडा घेऊ नये, तो पुसता पुसता तूस सोडतो. कडा वितळवून बंद केलेला फिलामेंट पॉलिएस्टरचा तुकडा किंवा चष्म्याच्या काचा पुसायचे मायक्रोफायबर घ्यावे. दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे दिसेपर्यंत पुसावेत.

नवी पेस्ट प्रोसेसरच्या मध्यभागी तुरीच्या डाळीएवढी किंवा छोट्या वाटाण्याएवढी ठेवावी. बोटाने पसरायची गरज नाही. हीटसिंक दाबला की ती आपणच पसरते. नव्या हीटसिंकच्या तळाला कंपनीनेच पेस्ट लावलेली असेल तर तिच्यावर आणखी लावू नये. तळाला पारदर्शक प्लास्टिकची पट्टी असेल तर ती काढावी. ती तशीच ठेवून बसवलेले हीटसिंक आम्ही स्वतः पाहिले आहेत. स्क्रू आवळताना एक कोपरा पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नये. जरीकामाचा अड्डा ताणताना कारागीर जसे समोरासमोरच्या बाजू थोड्या थोड्या ओढत नेतो, तसे तिरप्या कोपऱ्यांनी आळीपाळीने आवळावे. इंटेलच्या सोबत येणाऱ्या पंख्याला स्क्रू नसून चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक जरी नीट बसली नाही तरी हीटसिंक एका अंगाला उचललेला राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते. मागच्या बाजूने चारही टोके बाहेर आली आहेत का ते पाहावे. शेवटी पंख्याची पिन लावायला विसरू नये.

डब्याच्या पंख्यांची दिशाही याच वेळी तपासावी. पुढून हवा आत, मागून बाहेर. सुताचा एक धागा पंख्यासमोर धरला की तो आत ओढला जातो की बाहेर उडतो ते लगेच कळते. दोन्ही पंखे आत ओढत आहेत असेही डबे निघतात.

किती दिवसांनी? कापडाच्या दुकानात तूस दर तीन महिन्यांनी झाडावे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांजवळ संगणक असेल तर दर महिन्याला. तिथल्या रॅपियर मागांचे आणि संगणकीय भरतकामाच्या यंत्रांचे नियंत्रणाचे डबे याच रोगाने बिघडतात, परंतु ते मेकॅनिकलाच उघडू द्यावेत. आपण त्यांच्या जाळ्या आणि फिल्टर तेवढे झाडावेत. चांगली पेस्ट तीन ते पाच वर्षे टिकते. रोज तापून-थंडावून ती हळूहळू कडांकडे सरकते, म्हणून तापमान वाढू लागले तर आधीही बदलावी. लॅपटॉपचे काम जाणकाराकडेच द्यावे, त्याचे स्क्रू आणि पट्ट्या फार नाजूक.

हे काम शाबान महिन्यात उरकून घ्यावे, असे आम्ही सुचवू. २०१६ ते २०१९ या वर्षांत रमजान मे-जूनच्या उकाड्यात आला होता आणि ईदच्या खरेदीची गर्दी ऐन उन्हाळ्यात झाली. आता चांद्रवर्षाच्या हिशेबाने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आहे. २०३० मध्ये तो जानेवारीत असेल. त्यामुळे ईदची गर्दी काही वर्षे थंडीत पडेल. लग्नसराईचा मे महिना मात्र कोठे जात नाही, तेव्हा ज्यांचा धंदा लग्नाच्या कापडावर आहे त्यांनी मार्चच्या आत दुसरा हात फिरवावा.

सामानासाठी पार्ल्याहून चर्नी रोड किंवा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असते, पण विचारताना सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. जाण्याआधी मदरबोर्डवरचे नाव आणि प्रोसेसरचा नंबर मोबाईलवर फोटो काढून न्यावा, कारण इंटेल आणि एएमडीच्या बैठका वेगळ्या आणि एकाचा हीटसिंक दुसऱ्याला बसेलच असे नाही. पंखा घेताना तिथेच जोडून फिरवून पाहावा, आवाज ऐकावा. बिल मागावे. रविवारी जाऊ नये, बहुतेक दुकाने बंद असतात. जुना पंखा आणि हीटसिंक कचऱ्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक भंगार घेणाऱ्याला द्यावा. ॲल्युमिनियमचे दोन पैसे सुटतात.